ब्रीड मीटला निघालात? आधी हिशेब मांडा

थंडी पडू लागली की छत्रपती संभाजीनगरातल्या कुत्रेवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निमंत्रणे फिरू लागतात. बीड बायपासपलीकडचे एखादे फार्महाऊस किंवा दौलताबाद रस्त्यावरचे लॉन, सकाळी दहाची वेळ, फक्त लॅब्रॅडॉर किंवा फक्त पग, कुत्र्यामागे दोनशे-तीनशे रुपये आणि फोटो काढून मिळणार. एवढ्या पैशांत रविवारची सकाळ मजेत जाते म्हणून बहुतेक जण लगेच नाव नोंदवतात. पण गेटवर द्यायची ही रक्कम एकूण खर्चातला सगळ्यात किरकोळ भाग आहे. नीट तयारी करून जायचे तर पहिल्या वेळी साडेचार ते नऊ हजार रुपये धरावे लागतात. तयारी न करता गेलात आणि पिल्लू पार्व्हो घेऊन परतले, किंवा भांडणात कान फाटला, तर तेवढेच किंवा त्याहून जास्त दवाखान्यात जातात. वर कुत्रा भित्रा होऊन बसतो, त्याची भरपाई पैशांत होत नाही.

पुढचे दर शहरातले खासगी दवाखाने आणि दुकाने धरून ढोबळ दिले आहेत. डॉक्टर, ब्रँड आणि कुत्र्याचे वजन यांप्रमाणे ते हलतात, त्यामुळे निघण्याआधी एक फोन कराच.

कुणाला न्यावे, कुणाला घरी ठेवावे

कुत्रा 'सोशल' व्हावा म्हणून लोक मीटला जातात, आणि पहिली गफलत इथेच होते. अमेरिकेत बार हार्बर येथे स्कॉट आणि फुलर या दोन शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे पिल्लांचा अभ्यास केला. १९६५ साली तो पुस्तकरूपाने आला आणि आजही प्रशिक्षक त्याचाच आधार घेतात. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे पाहते, ऐकते, हुंगते, ते त्याला जन्मभर ओळखीचे वाटते, असा त्याचा मथितार्थ. म्हणजे तीन वर्षांचा, घराबाहेर कधी न पडलेला शेफर्ड चाळीस कुत्र्यांत नेऊन सोडला की माणसाळेल, ही आशा फोल आहे. तो बावरेल, आणि बावरलेला कुत्रा चावतो.

आपल्याकडे होते नेमके उलटे. दीड-दोन महिन्यांचे पिल्लू घरी येते आणि 'सगळी इंजेक्शने होऊ द्या, मग बाहेर काढू' म्हणत चार महिन्यांचे होईपर्यंत सिडकोतल्या फ्लॅटमध्ये कोंडून ठेवले जाते. शिकायचे वय त्यात निघून जाते. अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय वर्तनतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्ये सांगितले की सात-आठ आठवड्यांच्या पिल्लाला पहिली लस देऊन किमान सात दिवस झाले असतील, तर स्वच्छ जागी, लस झालेल्या निरोगी पिल्लांसोबत त्याचे वर्ग सुरू करायला हरकत नाही. स्वच्छ जागा आणि निरोगी सोबत या दोन अटी मात्र सोडायच्या नाहीत. अनोळखी कुत्र्यांनी तुडवलेले लॉन त्यात बसत नाही, कारण पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने तग धरतो.

मग पिल्लासाठी काय करावे? ओळखीच्या घरचा एखादा शांत, लस झालेला मोठा कुत्रा गाठावा. पिल्लाला कडेवर घेऊन क्रांती चौकात पंधरा मिनिटे उभे राहावे. रिक्षांचे हॉर्न, वरातीचा बँड, हेल्मेटवाला माणूस, काठीवाले आजोबा, शाळेतून सुटलेली पोरे हे सगळे त्याने लांबून आणि बिनधास्त पाहावे. खर्च शून्य. मीट मात्र सोळा आठवड्यांपर्यंतच्या पिल्लासाठी नाहीच.

माजावर आलेली मादी, खोकणारा किंवा हगवण लागलेला कुत्रा, आठवड्याभरात शस्त्रक्रिया झालेला कुत्रा आणि आधी कुणाला चावलेला कुत्रा यांनाही घरीच ठेवा. चावऱ्या कुत्र्यावर आधी प्रशिक्षकाकडे पैसे खर्च करावेत. घरी येऊन शिकवणारे एका वेळचे ५०० ते १,००० रुपये घेतात, महिन्याचे ठरवले तर ६,००० ते १५,०००. पट्टा हिसकून, गळा आवळून 'दाबात ठेवायला' शिकवणारा भेटला तर स्वस्त असला तरी नको. त्याने कुत्रा गुरगुरायचे सोडतो, चावायचे नाही.

एकाच जातीचे मेळावे भरवण्यात थोडे तथ्य आहे, ते खेळण्याच्या तऱ्हेमुळे. लॅब्रॅडॉर अंगावर आदळून खेळतो, शेफर्ड पाठलाग करून घेरतो, पग दोन फेऱ्यांत धापा टाकतो. आपल्यासारखाच खेळणारा सोबती मिळाला की गैरसमज कमी होतात. पण जात एक म्हणून स्वभावही एक, असे कुणी सांगू लागले तर त्याच्या बोलण्याला मान डोलावून आपला पट्टा हातातच ठेवा.

दवाखान्यातला खर्च

तयारी महिनाभर आधी सुरू करायची. आदल्या शुक्रवारी टोचलेली लस रविवारी कामाला येत नाही. रेबीजची पहिली लस तिसऱ्या महिन्यानंतर देतात आणि तिचा भरवशाचा परिणाम दिसायला सुमारे तीन आठवडे लागतात.

तीस किलोचा लॅब्रॅडॉर धरू. तपासणीची फी ३०० ते ५००. रेबीजची वार्षिक लस २५० ते ५००. डिस्टेंपर, पार्व्हो, लेप्टोची एकत्रित लस, जिला सगळे 'सेव्हन इन वन' किंवा 'नाईन इन वन' म्हणतात, ७०० ते १,२००. केनेल कफची लस ८०० ते १,५००. ती एरवी बहुतेक जण टाळतात, पण जिथे वीस कुत्री एकाच भांड्यात तोंड घालतात तिथे जायचे असेल तर हीच सर्वांत उपयोगी. जंताच्या गोळ्या वजनाप्रमाणे १५० ते ३००. गोचिडांसाठी महिनाभर चालणारी चघळायची गोळी ६०० ते १,०००. बेरीज २,८०० ते ५,०००. यातल्या लसी वेळच्या वेळी झालेल्या असतील तर नव्याने लागणारा खर्च हजार-अठराशेवर येतो.

गोचिडाच्या गोळीवर काटकसर करू नये. टिक फीव्हर आपल्या भागात वर्षभर असतो. रक्ततपासणी, औषधे, सलाईन असे करत उपचार सहज पाच-सात हजारांच्या पुढे जातात. पार्व्होचे बिल पाच हजारांपासून वीस हजारांपर्यंत होते आणि तरीही पिल्लू वाचेलच असे नाही.

खर्च कमी करायचा तर खडकेश्वरच्या सरकारी जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात जा. केसपेपरचे शुल्क नाममात्र असते. गर्दी आणि वेळा मात्र सांभाळाव्या लागतात. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. त्याच्या आसपास सरकारी दवाखाने आणि संस्था मोफत लसीकरण शिबिरे घेतात, आणि हिवाळ्यातल्या मीटसाठी ती वेळ अगदी सोयीची. लस कुठेही घ्या, पुस्तिकेवर कुपीचे स्टिकर, तारीख आणि डॉक्टरांची सही शिक्का असल्याखेरीज टेबलावरून उठू नका. नुसती पेनने लिहिलेली तारीख उद्या कुणाला चावल्यावर कामाची नाही.

सामान

पाच-सहा फुटी साधा पट्टा २५० ते ६००, छातीवर बसणारा हार्नेस ४०० ते १,२००, पंधरा-वीस फुटी लांब दोरी ४०० ते ९००, जाळीचे मुसके ४०० ते ९००, घडीचे भांडे १५० ते ३००. एकूण १,६०० ते ३,९००. ही खरेदी एकदाच करायची आहे.

लांब दोरीसाठी पेट शॉपच गाठायला हवे असे नाही. मोंढ्यात जनावरांच्या दाव्या-कासऱ्यांच्या दुकानात सुती कासरा शे-दीडशे रुपयांत मिळतो आणि नायलॉनसारखा हात कापत नाही. फक्त त्याला मजबूत हुक बसवून घ्या. गुंडाळली जाणारी रिट्रॅक्टेबल लीश मीटला आणू नका. दोन कुत्र्यांच्या पायांत ती गुंतली की सोडवता सोडवत नाही आणि माणसाच्या बोटांना चिरते.

मुसक्याचे नाव काढले की लोक नाराज होतात, जणू आपल्या कुत्र्यावर आरोप झाला. तसे काही नाही. जाळीचे मुसके घालून कुत्रा धापा टाकू शकतो, पाणी पिऊ शकतो, खाऊ खाऊ शकतो. कापडी नळीचे स्वस्त मुसके मात्र तोंड आवळून धरते. उन्हात ते घातले तर अंगातली उष्णता बाहेर पडत नाही आणि कुत्रा कोसळू शकतो. घरी पंधरा दिवस मुसक्यात बिस्किट ठेवून सवय लावा.

वाढदिवसाची टोपी, बो टाय, कुत्र्याचा केक, आठशे रुपयांचे 'फोटोशूट पॅकेज' या गोष्टी या हिशेबात धरलेल्या नाहीत. हौस असेल तर जरूर करा, पण लस चुकवून नव्हे.

आयोजकाला काय विचाराल

एक गणित मांडून पाहा. बारा कुत्र्यांची नीटनेटकी मीट घ्यायची तर कुंपण असलेली जागा अर्ध्या दिवसाला ५,०००, पशुवैद्य हजर ठेवायला ३,०००, मधे आडवी लावायची जाळी आणि सतरंज्या भाड्याने १,५००, पाण्याचे जार आणि बर्फ ३००, प्रथमोपचाराचे सामान १,००० आणि साफसफाईला ७००. झाले ११,५००. बारा घरांत वाटले तर प्रत्येकी साधारण ९६०. मग दोनशे रुपयांत कसे जमते? एक तर प्रायोजक खर्च उचलतो, नाही तर डॉक्टर, कुंपण, जाळी यांतले काही तरी गाळलेले असते. काय गाळले, ते फोनवर सरळ विचारा. विचारल्यावर चिडणाऱ्या आयोजकाकडे न गेलेले बरे.

लस-पुस्तिका गेटवर तपासणार की नुसती 'सोबत आणा' म्हणणार? किती कुत्री येणार, आणि लहान-मोठ्यांना वेगळी जागा आहे का? दहा किलोच्या आतले कुत्रे तीस किलोवाल्यांत सोडले तर भांडण होण्याचीही गरज नसते, खेळताना पडलेला पंजा पुरतो. सगळे एकाच दारातून एकाच वेळी आत येणार का? भांडणे सर्वांत जास्त दारातच लागतात, म्हणून पाच-पाच मिनिटांच्या अंतराने आत घेणारा आयोजक शहाणा समजावा. आत खेळणी, चेंडू, खाणे चालते का? उत्तर 'नाही' असायला हवे.

आणखी एक प्रश्न मनातल्या मनात ठेवा. इथे पिल्लांची विक्री आणि क्रॉसिंगचे सौदे चालणार आहेत का? काही मेळाव्यांचा तोच खरा धंदा असतो. कारच्या डिकीत पिल्ले ठेवलेली दिसली तर परत फिरा. २०१७ च्या केंद्रीय श्वान-पैदास नियमांनुसार पैदासकाराला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. डिकीतल्या पिल्लांचा आजार सगळ्या मैदानभर पसरतो, हा वेगळा धोका.

मैदानावर

पोहोचल्या पोहोचल्या आत शिरू नका. गाडीपासून दूर कुत्र्याला दहा मिनिटे फिरवून शी-शू होऊ द्या. मग एखाद्या ओळखीच्या कुत्र्याबरोबर वीस फुटांचे अंतर ठेवून एकाच दिशेने चाला आणि अंतर हळूहळू कमी करा. समोरासमोर, ताणलेल्या पट्ट्यावर नाकाला नाक लावून ओळख करून देण्याची आपली पद्धत कुत्र्यांच्या दृष्टीने उद्धटपणाची आहे. ते बाजूने, वळसा घेऊन भेटतात. तीन सेकंद हुंगू द्या, हाक मारून परत बोलवा, आला की खाऊ द्या, आणि हे सगळे मैदानाबाहेरच.

आत गेल्यावर गप्पांत रमू नका. पुढचे पाय वाकवून मागचा भाग वर करणारा कुत्रा खेळायला बोलावतो आहे. शरीर ताठ, शेपटी वर आणि थरथरती, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो आहे, तोंड मिटलेले, अशी स्थिती दिसली तर लगेच हाक मारा. सारखे ओठ चाटणे, झोप नसताना जांभया देणे, मालकाच्या पायांत शिरणे ही भीतीची खूण आहे. अशा कुत्र्याला 'अरे जा ना, खेळ की' म्हणत पुढे ढकलणारे मालक प्रत्येक मीटमध्ये असतात. खेळ आहे की छळ, हे कळत नसेल तर पाठलाग करणाऱ्याला धरून ठेवा. सुटलेला कुत्रा परत त्याच्याकडे आला तर खेळ, पळून गेला तर बस झाले.

पहिल्यांदा अर्धा तास पुरे. फी भरली आहे म्हणून तीन तास थांबू नका, थकलेला कुत्रा लहान मुलासारखा चिडचिडा होतो.

आपल्याकडे ऊन हाच मोठा शत्रू. मार्च ते जून सकाळी आठनंतरची मीट घेऊच नये आणि कुणी घेतली तर जाऊ नये. एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशी ओलांडतो. फरशी किंवा डांबरावर हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवून पाहा. सोसवत नसेल तर पंजांनाही सोसणार नाही. पग, बुलडॉग, शित्झू यांची नाके बसकी, त्यांना धाप लागून जीव घाबरायला ऊन फार लागत नाही. कुत्र्याचे तापमान एरवी १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. १०५ च्या वर गेले की तो जिवावरचा प्रसंग. सावलीत नेऊन अंगावर साधे गार पाणी ओता, वारा घाला आणि लगेच दवाखाना गाठा. पावसाळ्यात चिखल, लेप्टो आणि गोचीड, दिवाळीच्या आठवड्यात फटाके. म्हणून दिवाळीनंतरचा पंधरवडा सोडून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम.

माळेगावची वारी

फार्महाऊसवरची मीट अलीकडची, पण मराठवाड्याला जातिवंत कुत्र्यांच्या मेळाव्याची जुनी ओळख आहे. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवे यांच्या बाजाराबरोबर तिथे जिल्हा परिषदेतर्फे श्वान प्रदर्शनही होते. खंडोबाच्या पायाशी कुत्रा असतोच, त्यामुळे कुत्रा घेऊन देवाच्या दारी जाण्यात कुणाला वावगे वाटत नाही. इथे मान असतो तो कारवान कुत्र्याला, लातूरकडच्या लांब केसांच्या पश्मीलाही. दख्खनच्या माळरानावर ससा-हरणामागे धावण्यासाठी पोसलेली ही जात. कर्नाटकातल्या मुधोळच्या घोरपडे राजांनी तिची जोपासना केली म्हणून ती मुधोळ हाउंड नावानेही ओळखली जाते. २००५ मध्ये टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होता.

कारवान पाहायला अवश्य जा. पण पॉमेरेनियन घेऊन नव्हे. पळणारे छोटे, केसाळ काहीही दिसले की या कुत्र्याचे पाय मेंदूला विचारत नाहीत, त्यात त्याचा दोष नाही. शिवाय लाउडस्पीकर, गर्दी आणि अनोळखी जनावरे. घरी वाढलेल्या कुत्र्याला हे फार होते. तुमचाच कारवान असेल आणि प्रदर्शनात उतरवायचा असेल तर खर्च असा: जाऊन-येऊन सुमारे ६०० किलोमीटर, स्वतःच्या गाडीने पेट्रोल ४,२०० रुपयांच्या आसपास, भाड्याची गाडी केली तर किलोमीटरला १२ ते १५ रुपयांप्रमाणे ७,२०० ते ९,०००, शिवाय मुक्काम. गाडीवाल्याला कुत्रा आहे हे आधी सांगा, नाही तर क्रांती चौकातच वाद होतो.

केनेल क्लब ऑफ इंडियाशी संलग्न क्लबांचे पुण्या-मुंबईकडचे डॉग शो हा वेगळा प्रकार. तिथे नोंदणी, मायक्रोचिप, हँडलर, ग्रूमिंग असा खर्च वाढत जातो. तो स्पर्धेचा खर्च आहे, कुत्र्याला मैत्री शिकवण्याचा नव्हे.

भांडण लागले, चावले तर

दोन कुत्र्यांच्या मधे हात घालू नका. सतरंजी फेका, पाण्याची बादली ओता, मधे खुर्ची किंवा फळी सरकवा. सुटले की दोघांना वेगवेगळ्या गाड्यांत बसवा. वरून लहान दिसणारे दाताचे भोक आत खोल असते, म्हणून रक्त थांबले तरी डॉक्टरांना दाखवा. भूल देऊन टाके घालायला ३,००० ते ८,००० रुपये धरा. गुंतागुंतीची केस परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयाकडे पाठवली जाते.

माणसाला चावले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने सलग पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. मग थेट घाटी रुग्णालय. सरकारी रुग्णालयात रेबीजची लस मोफत मिळते. खासगीत एका डोसला ३५० ते ४५० रुपये, आणि जखम खोल असेल तर इम्युनोग्लोब्युलिनचे काही हजार वेगळे. कुत्र्याची लस झालेली आहे म्हणून डॉक्टरांकडे जाणे टाळू नका. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची असते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी एकमेकांचे फोन नंबर घ्यावेत.

भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार आपल्या ताब्यातल्या जनावराबाबत निष्काळजीपणा केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. 'सगळे आपापल्या जबाबदारीवर' असा कागद आयोजकाने सही करून घेतला तरी तुमची जबाबदारी सुटत नाही. महापालिकेचा श्वान परवाना काढलेला असावा. त्याचा ताजा दर झोन कार्यालयात कळेल. काही विमा कंपन्या श्वान विम्यासोबत तिसऱ्या व्यक्तीला झालेल्या इजेचेही संरक्षण देतात. रॉटविलर, पिटबुल पाळणाऱ्यांनी ते घ्यावे. या जातींवर बंदी सुचवणारे केंद्राचे मार्च २०२४ चे परिपत्रक कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात रद्द केले, पण मीटमध्ये कुणाला घ्यायचे, कुणाला नाही, हे ठरवायचा हक्क आयोजकाला आहेच.

घरी आल्यावर कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली गोचीड तपासा, पंजे धुवा. केनेल कफ दिसायला दोन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. तेवढे दिवस सोसायटीतल्या इतर कुत्र्यांपासून थोडे अंतर ठेवा. कोरडा, घशात काही अडकल्यासारखा खोकला सुरू झाला तर डॉक्टरांना दाखवाच, आणि ज्या ग्रुपवर फोटो टाकले त्याच ग्रुपवर तसे कळवाही.